पावलोव्हची घंटागाडी

आमच्या कॉलनीत सकाळी पावणेआठच्या सुमाराला घंटागाडी येते. पूर्वी तिला खरोखरची घंटा होती. आता कर्णा आहे आणि त्यावर स्वच्छतेचं गाणं. हे गाणं दोन गल्ल्या पलीकडे असतानाच आमच्या इमारतीत जी पळापळ सुरू होते ती भूकंपातही होणार नाही. दाराची बेल कितीही वाजली तरी पेपरातून मान वर न काढणारे तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सुनेची चप्पल घालून फाटकाशी हजर होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पोळी तव्यावर टाकून निघतात. गॅस बंद करत नाहीत. पोळी फुगायच्या आत खाली जाऊन वर येता येतं, हा हिशेब त्यांच्या पायांना ठाऊक आहे.

मागे निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराच्या प्रचाराच्या गाडीने नेमकी त्याच गाण्याची चाल उचलली. शब्द उमेदवाराचे, चाल कचऱ्याची. गाडी वळणावर आली मात्र, आमच्या इमारतीतून माणसं हिरवी-निळी बादली घेऊन धडाधड खाली उतरली. उमेदवार उघड्या जीपमध्ये हात जोडून उभे होते. बोलावल्याशिवाय, गाडीभाड्याशिवाय आणि वडापावाशिवाय मतदार इतक्या संख्येने रस्त्यावर आलेले त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले. भारावून त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मॅनेजरसाहेबांनी सवयीनं ओल्या कचऱ्याची बादली त्या हातांत दिली.

मानसशास्त्राच्या पुस्तकात या प्रकाराला उद्दीपकाचं सामान्यीकरण असं भारदस्त नाव आहे. एका आवाजाला द्यायचा प्रतिसाद त्याच्यासारख्याच दुसऱ्या आवाजाला दिला जातो, एवढाच त्याचा अर्थ. उमेदवार निवडून आले की नाही हे पुस्तकाच्या कक्षेबाहेरचं आहे.

ही सगळी विद्या ज्याच्या नावावर जमा आहे, तो इव्हान पावलोव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हताच. तो पचनाचा अभ्यासक. बाप धर्मगुरू, मुलानेही तेच व्हायचं म्हणून शिक्षण सुरू झालेलं, ते सोडून हा शरीरशास्त्राकडे वळला. १९०४ सालचं नोबेल त्याला मिळालं तेही पचनावरच्या कामासाठी. कुत्र्याने खाल्लं की त्याच्या पोटात कोणता रस, केव्हा आणि किती सुटतो हे तो पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत थेंब-थेंब मोजत होता, आणि कुत्री त्याचा हिशेब बिघडवत होती. अन्न यायच्या आधीच, ते आणणाऱ्या नोकराची पावलं वाजली की यांच्या तोंडाला पाणी! दुसरा कुणी असता तर नोकराला अनवाणी चालायचा हुकूम सोडून मोकळा झाला असता. पावलोव्हने त्या बिघाडाचाच पिच्छा पुरवला.

जगाने त्याच्या गळ्यात घंटा बांधली. प्रत्यक्षात त्याच्याकडे ठोके देणारं मेट्रोनोम, बझर, दिवे असला सरंजाम जास्त होता आणि घंटा क्वचितच वाजे. पण पावलोव्ह म्हटलं की आपल्याला घंटा आठवते आणि घंटा म्हटली की पावलोव्ह, याला आता त्याचाही इलाज नाही. प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार म्हणून तो कुत्र्यांच्या जठरातला रस गाळून, बाटल्यांत भरून अपचनावरचं औषध म्हणून विकत असे. आपल्याकडे जेवणानंतर ओवा चावणाऱ्या माणसाला हे ऐकून तो ओवाही पचणार नाही, पण हे खरं आहे. रशियन माणसं ते पीत आणि बरं वाटलं असं सांगत.

त्याच्या कुत्र्यांची मला सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट मात्र लाळेची नाही. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. पाणी कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरलं, इतकं की बिचारी छताला नाकं लावून तरंगत होती. माणसांनी पोहोचून त्यांना बाहेर काढलं. कुत्री वाचली, पण त्यांतली काही आपला वर्षानुवर्षांचा अभ्यास साफ विसरली. मेट्रोनोम वाजला तरी जीभ कोरडी. पुढे दाराखालून पाण्याचा एक ओघळ सोडला तरी ती बावचळून जात. एवढी मेहनत करून शिकवलेलं एका रात्रीत गेलं आणि कुणी न शिकवलेलं कायमचं बसलं. इथेच मला या सगळ्या शास्त्राची मेख दिसते. शिकवणारा समजतो मी अमुक शिकवतोय. शिकणारा आपल्या पदरात प्रत्यक्ष काय पडलं तेवढंच शिकतो, आणि या दोन याद्या क्वचितच जुळतात.

ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करा, हे आमच्या कॉलनीला शिकवण्यासाठी काय कमी झालं? भिंती रंगवल्या, पत्रकं वाटली, शाळेच्या मुलांची फेरी निघाली. फेरीला आम्ही टाळ्या वाजवल्या आणि पत्रक ओल्या कचऱ्यात टाकलं. मग गाडीवर एक नवी बाई आली. बोलणं बेताचं. बादलीत एकदा डोकावायची आणि मिसळलेली असली तर ती तशीच फाटकात ठेवून पुढच्या दारी जायची. दिवसभर उन्हात आंबलेली आपली बादली, तिच्याकडे बघत ये-जा करणारे शेजारी आणि तिच्यावर बसलेली स्वतःच्याच घरातली माशी. हप्त्याभरात सगळी कॉलनी सुशिक्षित झाली. मॅनेजरसाहेब तर आता चहाच्या पिशवीचा दोरा सुक्यात आणि पिशवी ओल्यात टाकतात.

या मुद्द्यावर मांजर हा प्राणी फार जुना तज्ज्ञ आहे. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन तरुणाने फळ्यांची खोकी करून त्यांत भुकेल्या मांजरी कोंडल्या आणि बाहेर मासा ठेवला. खोक्याच्या दाराला दोरी नाहीतर खिटी. मांजर ओरबाडायचं, चावायचं, अंग घुसवायचं, आणि या धुमाकुळात कधीतरी चुकून पंजा दोरीवर पडून दार उघडायचं. पुन्हा कोंडलं की धुमाकूळ थोडा कमी. असं करत करत शेवटी मांजर आत टाकताच सरळ दोरीकडे जाई. कुठलीही वीज चमकली नाही, मांजर ‘सापडलं!’ म्हणून ओरडलं नाही. ज्याने मासा मिळाला ते टिकलं, बाकीचं गळून गेलं. लोक जनावरांच्या बुद्धीच्या ज्या सुरस कथा सांगत त्यांवर थॉर्नडाइकचा राग होता. कुत्री शेकडो वेळा हरवतात, पण त्याबद्दल कुणी शास्त्रीय मासिकाला लिहून कळवत नाही. एखादं वाट काढत घरी परत आलं की त्याचा पराक्रम सगळीकडे सांगितला जातो, अशी त्याची तक्रार. हा माणूस आपल्या वर्तमानपत्रांत नोकरीला हवा होता.

थॉर्नडाइकने एक गोष्ट मात्र घाईने ठरवून टाकली. एका मांजरीला दुसरी मांजर दोरी ओढताना दाखवली तरी पहिली काही शिकत नाही, असं त्याला आढळलं. म्हणजे जनावरं बघून शिकत नाहीत. पुढे १९६९ साली कुणीतरी हाच खेळ पिल्लांवर केला. दिवा लागला की कळ दाबायची आणि खाऊ मिळवायचा. ज्या पिल्लांनी आपल्या आईला कळ दाबताना पाहिलं ती भरभर शिकली. ज्यांनी परक्या मांजरीला पाहिलं ती उशिरा शिकली. आणि ज्यांना कुणीच दाखवलं नाही, ‘करा आपापली खटपट’ म्हणून सोडून दिलं, ती शिकलीच नाहीत. परक्या मांजरीची ही गत पाहून गल्लोगल्लीच्या कोचिंग क्लासवाल्यांनी थोडं अंतर्मुख व्हायला हरकत नाही. पण ते होणार नाहीत, कारण त्यांचा मासा त्यांना ॲडव्हान्समध्ये मिळतो.

आता कबुतरं. बी. एफ. स्किनर या गृहस्थाने कबुतरांकडून काय करून घेतलं नाही! टेबलटेनिससारखा खेळ करून घेतला. दुसऱ्या महायुद्धात क्षेपणास्त्राच्या नाकात कबुतर बसवून त्याच्या चोचीने नेम धरायची योजना काढली आणि तिच्यासाठी सरकारकडून पैसेही मिळवले. पुढे योजना गुंडाळली गेली, पण तिचं चीज झालं म्हणायचं: २०२४ साली या कामासाठी स्किनरला मरणोत्तर इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. माझ्या मते मात्र त्याचा खरा अजरामर प्रयोग १९४८ चा. आठ भुकेली कबुतरं आठ पेट्यांत. दर पंधरा सेकंदांनी दाण्याचं यंत्र पुढे येणार, कबुतर काहीही करो वा न करो. म्हणजे दाण्याचा आणि कबुतराच्या वागण्याचा काडीइतकाही संबंध नाही. थोड्या वेळाने पाहावं तर आठांपैकी सहा कबुतरांचे सहा सोवळ्याचे आचार सुरू! एक आपलं डाव्या बाजूने गरगर प्रदक्षिणा घालतंय. एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसतंय. एक काहीतरी अदृश्य उचलून टाकल्यासारखी मान उडवतंय, दोघं लंबकासारखी डुलताहेत. दाणा आला त्या क्षणी ज्याचं जे चाललं होतं, त्यामुळेच दाणा आला अशी त्याची समजूत झाली. मग ते परत केलं, परत दाणा आला, समजूत पक्की. एकाने तर दाणा कायमचा बंद झाल्यावरही आपली दोन पायांवरची उडवाउडव सोडली नाही. दहा हजारांहून अधिक वेळा केली, तेव्हा कुठे नाद सुटला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून काही शंका काढल्या: यातलं काही वागणं भुकेल्या कबुतराचं उपजतच असतं, शिकलेलं नव्हे. असेल. मला शंका नाही, कारण मी आमच्या नानाकाकांना ओळखतो.

२ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, सचिन अठरावर गेला, आणि घरात सुतक पसरलं. नानाकाका ‘बघवत नाही’ म्हणून उठून गॅलरीत गेले. ते गॅलरीत गेले आणि गंभीर-कोहली टिकले. तहान लागली म्हणून काका आत येऊ लागले तर दहा माणसं एकदम ओरडली, ‘आत येऊ नका!’ पाणी बाहेर दिलं. जेवणाचं ताट बाहेर दिलं. धोनीचा तो शेवटचा षटकार काकांनी पाहिला नाही, समोरच्या इमारतीच्या किंकाळीवरून ओळखला. तेव्हापासून भारताचा कुठलाही महत्त्वाचा सामना असला की काका गॅलरीत. आम्ही त्यांच्यासाठी तिथे प्लास्टिकची खुर्ची आणि डासांची उदबत्ती ठेवतो.

तुम्ही म्हणाल, मग १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काय झालं? तेव्हाही काका गॅलरीतच होते की! होते. पण चौकशीअंती असं निष्पन्न झालं की दुपारी ते चष्मा घ्यायला एकदा आत येऊन गेले होते. चष्मा! सगळ्या घराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कमिन्सने कप काकांच्या हातून घेतलाय. स्किनरच्या कबुतराला दाणा आला नाही तेव्हा त्याने काही ‘प्रदक्षिणेने दाणे येत नाहीत’ असा निष्कर्ष काढला नाही. आपली प्रदक्षिणा कुठेतरी अपुरी पडली असंच त्याला वाटलं असणार. श्रद्धेला पुरावा पुरतो आणि पुराव्याचा अभाव तर त्याहून जास्त पुरतो.

याच जातीची, पण जरा जपून सांगायची गोष्ट गोदाकाठची आहे. आम्ही नाशिकची माणसं, दशक्रियेला नदीवर जायचं कुणाला चुकलेलं नाही. पिंड मांडला जातो, मंडळी मागे सरून उभी राहतात आणि कावळ्याची वाट बघतात. तो शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण झाली. नाही शिवला तर काही राहिलंय. आता कावळ्याच्या बाजूने विचार करा. नदीकाठचा कावळा हा पिढीजात बुद्धिमान पक्षी. सकाळी लवकर आलेल्या घरांचे पिंड तो झडप घालून नेतो. दहा वाजेपर्यंत त्याचं पोट तुडुंब भरलेलं असतं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक घराला आपल्या माणसाच्या अतृप्त इच्छा आठवू लागतात.

थोरला पुढे होतो: ‘दादा, आईला आम्ही अंतर देणार नाही.’ कावळा पिंपळावर. मधला म्हणतो, ‘तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही.’ कावळा चोच पुसतो. गुरुजी घड्याळ बघतात. मग आजवर गप्प असलेला धाकटा दाटल्या गळ्याने म्हणतो, ‘गावच्या घरातला ताईचा वाटा ताईला देऊ,’ आणि त्याच क्षणी, कशाने का असेना, कावळा खाली उतरतो. झालं! दादांचा जीव गावच्या घरात अडकला होता, ही त्या घराण्यातली पुढच्या दोन पिढ्यांची अधिकृत हकिगत. ताईला वाटा मिळतो. मी स्वतः त्या कावळ्याला पूर्ण मार्क देतो. दिवाणी कोर्टाला जे वीस वर्षांत जमत नाही ते त्याने एका गिरकीत केलं. पण जो वाटा आधीच्या दोन वाक्यांच्या वेळी कावळ्याला भूक लागली असती तर मिळालाच नसता, त्याचं पुढे काय, हा विचार घाटावर कुणाच्या मनात येत नाही. यायचं ते ठिकाणही नव्हे. आणि कावळा अगदीच नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववायची सोय आपल्या पूर्वजांनी ठेवलीच आहे. माणसाला वेळेवर घरी जायचं असतं हे त्यांना कळत होतं.

कावळ्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ या संशोधकाने २००६ साली आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायांत कडी घातली आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारातून फिरलं की कावळे कलकलाट करून त्याला हैराण करत. तुलनेसाठी ठेवलेला दुसरा मुखवटा त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा होता, त्याला ते फारसं काही म्हणत नसत. खरी गंमत पुढे आहे. वर्षं लोटली तशी आरडाओरडा करणाऱ्यांची संख्या घटायच्या ऐवजी वाढत गेली. ज्यांना कधी पकडलं नव्हतं, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, ते कावळेही त्या तोंडावर तुटून पडू लागले. आईबाप ओरडतात म्हणून पोरं ओरडत होती. ज्या भावकीत बांधावरून आजोबांच्या काळापासून बोलणं बंद आहे आणि बांध नक्की कुठला हे आता कुणालाच आठवत नाही, तिथल्या वाचकांना या प्रयोगाचं अप्रूप वाटणार नाही.

बघून शिकण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अल्बर्ट बांडुराचा, १९६१ चा, स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या बहात्तर मुलांवरचा. पाडलं की पुन्हा उभा राहणारा, माणसाएवढा, हवा भरलेला एक बाहुला. काही मुलांच्या देखत एक मोठं माणूस त्याला हातोडीने हाणतं, नाकावर ठोसे लगावतं, उरावर बसतं, वर तोंडाने बडबडही करतं. काही मुलांच्या देखत ते माणूस गुपचूप लाकडी खेळणी जुळवत बसतं. मग मुलांना खेळायला सोडलं. पहिल्या गटातल्या मुलांनी तीच हातोडी, तोच ठोसा आणि तीच बडबड, जशीच्या तशी.

पण मला त्याचा १९६५ चा पुढचा प्रयोग जास्त मार्मिक वाटतो. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये बाहुल्याला मारणाऱ्या माणसाला शेवटी शाबासकी आणि खाऊ मिळाला, काहींच्या फिल्ममध्ये चोप मिळाला. चोप पाहिलेल्या मुलांनी नंतर मारामारी बरीच कमी केली. इथवर आपल्या शिस्तप्रिय मंडळींना आनंद होईल. मात्र मग बांडुराने सर्व मुलांना सांगितलं, त्या माणसाने जे जे केलं ते करून दाखवा, एकेका गोष्टीला सरबत आणि चित्राचं स्टिकर मिळेल. आणि काय! चोप पाहिलेल्या मुलांनाही सगळं पाठ होतं. शिकली सगळी सारखंच. फक्त कुठे करून दाखवायचं आणि कुठे नाही, याचं व्यवहारज्ञान वेगळं.

आमच्या खालच्या पार्किंगमध्ये या प्रयोगाची आवृत्ती रोज संध्याकाळी निघते. एक पोरगा ताटली धरून रिक्षावाला होतो. दुसरा प्रवासी. प्रवासी म्हणतो, ‘द्वारका?’ रिक्षावाला समोर बघतच मान हलवतो. प्रवासी म्हणतो, ‘पंचवटी?’ पुन्हा मान हलते. हा खेळ अर्धा तास चालतो, रिक्षा जागची हलत नाही आणि दोघंही अत्यंत आनंदात असतात. पलीकडे डॉक्टर-डॉक्टर चाललेलं असतं. बाहुलीला ताप आहे. डॉक्टरीणबाई नाडी बघायच्या आधी विचारतात, ‘मेडिक्लेम आहे का?’ भातुकलीत आई झालेली मुलगी खोट्या चुलीपाशी बसत नाही. ती पायरीवर बसते, हातातल्या कंपासपेटीवर अंगठा फिरवते आणि मान वर न करता म्हणते, ‘हं, बोल बाळा, ऐकतेय मी.’ तिची खरी आई ते पाहून कौतुकाने हसते आणि त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढते.

यांतलं कुणी कुणाला शिकवलेलं नाही. शिकवलेलं म्हणाल तर शुभंकरोती शिकवलं होतं, हात धुवायला शिकवलं होतं, खोटं बोलू नये हे भिंतीवर लावलेलं होतं.

माणूस मोठा झाला की ही बघण्याची कला तो सोडतो असंही नाही, उलट तिला धार येते. १९०४ च्या सुमाराला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाने त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली होती. उत्तर खुराने ठोकून द्यायचं. समित्या बसल्या, लबाडी सापडेना. शेवटी ऑस्कर फुंग्स्टने शोधून काढलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही नापास होतो. हान्स गणित करतच नव्हता. तो ठोके देत मास्तरांकडे बघत राही; बरोबर आकडा आला की मास्तरांची मान नकळत केसभर वर होई, आणि तिथे हान्स थांबे. तोंडी परीक्षेत ‘म्हणजे सर... ते वाढतं...’ असं म्हणून परीक्षकाच्या भुवया पाहणारा आणि लगेच ‘म्हणजे वाढत नाही, कमीच होतं’ अशी सफाईने दुरुस्ती करणारा विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आता तो कुठल्यातरी खात्यात सचिव आहे आणि मंत्र्यांच्या भुवया पाहतो.

शिकण्याला हद्दही असते, हे स्किनरच्याच शिष्यांनी दाखवून दिलं. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे जोडपं जाहिरातींसाठी नि खेळांसाठी प्राणी तयार करायचा धंदा करत असे. त्यांनी रॅकूनला नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं. एक नाणं तो बरं टाकी. दोन दिली की त्याचं तंत्र बिघडे. तो ती नाणी एकमेकांवर घासत बसायचा, गल्ल्याच्या तोंडापर्यंत न्यायचा आणि पुन्हा मागे घ्यायचा. अन्न हाताने चोळून खायची त्याची उपजत खोड बक्षिसाला पुरून उरली. डुकराचंही तसंच, शिकवलेलं लाकडी नाणं पेटीत टाकायचं सोडून ते वाटेतच नाकाने उकरत बसे. आपल्या धंद्याला लागलेलं हे ग्रहण १९६१ साली त्यांनी जाहीरपणे लिहून काढलं. लग्नाच्या आहेराचं पाकीट यजमानांच्या हाती देता देता आतली नोट एकदा चाचपून बघणारे आमचे मॅनेजरसाहेब त्या रॅकूनशी अतिशय सहानुभूतीने वागले असते.

एवढं सगळं वाचून माझ्या मते घरच्या उपयोगाची एकच गोष्ट हाती लागते, ती सांगून टाकतो. स्किनरने हेही दाखवलं होतं की दाणा दर वेळी मिळत असेल आणि मग बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी पाचव्या टोचणीला, कधी पन्नासाव्या, कधी सातव्या असा बेभरवशाने मिळत असेल तर ते टोचत राहतं, टोचतच राहतं. जुगाराची यंत्रं यावरच चालतात. दर दोन मिनिटांनी फोन उघडून कुणाचा निरोप आला का बघणारे आपणही त्याच पेटीत आहोत. आणि दुकानातल्या फरशीवर चॉकलेटसाठी लोळण घेतलेलं मूलही तिथलंच. आई आधी ठामपणे ‘नाही’ म्हणते. मग आवाज चढवून ‘नाही’ म्हणते. मग बाबा ‘अजिबात मिळणार नाही’ म्हणतात. लोक बघू लागतात, काउंटरवरचा मुलगा हसतो, आणि पंधराव्या किंकाळीला चॉकलेट मिळतं. आईबापांना वाटतं आपण पंधरा वेळा ‘नाही’ शिकवलं. मूल शिकतं ते एवढंच, की चौदाव्या किंकाळीला हिंमत हरायची नाही.

तेव्हा मंडळी, चॉकलेट द्यायचं नसेल तर खुशाल देऊ नका, आणि शेवटपर्यंत देऊ नका. पण शेवटी देणारच असाल, तर कृपा करून पहिल्या हाकेला द्या. तुमचे दातांच्या डॉक्टरांचे पैसे जातील, पण दुकानातल्या बाकीच्या आम्हा गिऱ्हाइकांचे कान वाचतील.